आडनाव एक, भावकी वेगळी : इंग्रजी शब्दांचे जुने अर्थ शोधायची एक पद्धत

सातारा जिल्ह्यात जाधव, मोरे, शिंदे, पवार कुठल्याही तालुक्यात भेटतात. म्हणून वाईचे जाधव आणि कराडचे जाधव एकाच भावकीतले, असं कुणी धरून चालत नाही. भावकी ठरवायची तर मूळ गाव, कुलदैवत, देवक असं सगळं विचारावं लागतं. इंग्रजी शब्दांचंही तसंच आहे. डब्ल्यू आणि आर या दोन अक्षरांनी सुरू होणारे पुष्कळ शब्द आहेत. ही अक्षरांची जोडी म्हणजे त्यांचं आडनाव. त्यातले कोण सख्खे, कोण चुलत आणि कोण नुसतेच आडनावबंधू, हे जुन्या अर्थापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही.

ही चौकशी कशी करायची ते इथे पायरीपायरीने सांगतो. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांना, स्पर्धा परीक्षेसाठी शब्दसंग्रह वाढवणाऱ्यांना आणि 'उच्चार नाही तर ते अक्षर लिहायचं कशाला?' असं विचारणारं पोर ज्यांच्या घरात आहे, त्यांना याचा उपयोग होईल. एक जाड वही, एक कागदी शब्दकोश आणि मोबाइल एवढं पुरतं. क्लास लावायची गरज नाही.

जोडी निवडणं

सुरुवातीला शब्दाच्या आरंभी येणारी जोडी घ्या. शब्दाच्या शेवटची अक्षरं टाळा. 'शन' किंवा 'नेस' हे शेपटीचे तुकडे हजारो शब्दांना नंतर चिकटवलेले आहेत, त्यातून नातं कळत नाही. एस-टी, पी-आर अशा जोड्याही पहिल्याच झटक्यात घेऊ नका. त्यांचे शब्द इतके आहेत की वही भरेल आणि हाती काही लागणार नाही.

जिच्यातलं एक अक्षर मुकं आहे ती जोडी सगळ्यांत चांगली. मुकं अक्षर सहसा जुन्या उच्चाराची खूण असतं. डब्ल्यू-आरमधला डब्ल्यू एके काळी इंग्रज खरोखर उच्चारत. साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात तो बोलण्यातून गळाला आणि लिहिण्यात मात्र राहिला. डच लोक अशा शब्दांत आजही 'व्र' असा उच्चार करतात. मुलांना हे सांगितलं की स्पेलिंगवरचा राग निम्मा कमी होतो. उदाहरणासाठी मी हीच जोडी शेवटपर्यंत चालवतो.

शब्द गोळा करणं

कागदी शब्दकोशात डब्ल्यू-आरची पानं मोजकीच असतात, ती सरळ वाचून काढा. मोबाइलवर करायचं तर वनलुक नावाच्या शोधयंत्रात दोन अक्षरं आणि पुढे तारा टाकला की यादी मिळते. पण त्या यादीत कंपन्यांची नावं, गावांची नावं, संक्षेप असा भरपूर पालापाचोळा येतो. म्हणून मी कागदाच्या बाजूचा. सोबत आजूबाजूचे शब्दही नजरेखालून जातात.

साधित रूपं गाळा. रायटर, रायटिंग, रिटन हे सगळे 'राइट' या एकाच घरातले, त्यांची एकच ओळ. असं चाळल्यावर नेहमीच्या वापरातले वीस-पंचवीस शब्द उरतात. पहिल्या फेरीला तेवढे पुरे.

आजचा अर्थ, स्वतःच्या मराठीत

वहीत चार रकाने आखा : शब्द, आजचा अर्थ, सर्वांत जुना अर्थ आणि शतक, भावकी. दुसरा रकाना शब्दकोश न उघडता, स्वतःच्या शब्दांत भरायचा. 'रिस्ट' म्हणजे मनगट. 'रॅप' म्हणजे गुंडाळणं. 'रिंकल' म्हणजे सुरकुती. 'राँग' म्हणजे चुकीचं. 'रेसल' म्हणजे कुस्ती खेळणं. अडलं तर रकाना मोकळा ठेवा. या पायरीला फार वेळ द्यायचा नाही, पण गाळायचीही नाही. आधी आपला अर्थ लिहिलेला असला, की जुना अर्थ किती लांबून चालत आलाय ते डोळ्यांना दिसतं.

जुना अर्थ काढणं

खरं काम इथे आहे. सोपी आणि फुकटातली जागा म्हणजे एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ. तिथे शब्द टाकला की तो कोणत्या शतकात, कोणत्या रूपात आणि कोणत्या अर्थाने आला ते थोडक्यात मिळतं. महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या ग्रंथालयाच्या लॉगिनमधून ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडत असेल तर उत्तमच. त्याचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला 1928 उजाडलं. प्रत्येक अर्थ कालक्रमाने, जुन्या वाक्यांच्या दाखल्यांसह देणं ही त्याची खरी दौलत. डॉ. जॉन्सनचा 1755 चा कोशही नेटवर मोफत आहे. त्याच्या व्युत्पत्त्यांवर विसंबू नका, पण त्या काळी शब्द कसा वापरत ते बघायला तो झकास आहे.

इथे एक खाचखळगा आहे. काही कोश सर्वांत प्रचलित अर्थ आधी देतात, तर मेरियम-वेबस्टरसारखे कोश सर्वांत जुना अर्थ आधी. ते माहीत नसलं की परीक्षार्थी पोरं एक नंबरचा अर्थ पाठ करून येतात, आणि तो नेमका तीनशे वर्षांपूर्वीचा निघतो. म्हणून कुठलाही कोश हाती घेतल्यावर आधी त्याची प्रस्तावना वाचा. तिथे अर्थांचा क्रम कसा लावलाय ते लिहिलेलं असतं.

नोंद वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. 'जुनी इंग्रजी' म्हणजे ढोबळ मानाने 1150 पर्यंतची भाषा आणि 'मध्य इंग्रजी' म्हणजे तिथपासून 1500 पर्यंतची. शब्दाआधी तारका असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, विद्वानांनी तुलनेवरून बांधलेलं आहे. आणि 'अमुक भाषेतून आला' व 'अमुक शब्दाशी नातं आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात उसनवारी, दुसऱ्यात समान पूर्वज. गल्लत सगळ्यांत जास्त याच ठिकाणी होते.

भावकी लावणं

चौथ्या रकान्यासाठी आता सगळी ओळ समोर घ्या. पहिली भावकी लगेच डोळ्यांत भरते. ती पिळण्याची.

कपडे पिळण्यासाठीचा, डब्ल्यूने सुरू होणारा 'रिंग' हा जुन्या इंग्रजीतही पिळणं, दाबणं याच अर्थाचा होता. बोटातल्या अंगठीचा 'रिंग' वेगळा, त्याला डब्ल्यू नाही. 'रिस्ट' म्हणजे हाताचा वळणारा सांधा. 'रीथ', म्हणजे आपण ज्याला पुष्पचक्र म्हणतो तो, मुळात पीळ देऊन केलेला पट्टा किंवा वेटोळं. 'रायद' म्हणजे आज वेदनेने तळमळणं, पूर्वी नुसतं पिळणं आणि बांधणं. 'राय' म्हणजे वाकडं, विशेषतः तोंड वाकडं करून केलेलं हसू. त्याचं जुनं क्रियापद वळणं, कलणं या अर्थाचं. 'रिंकल' जिथून आला त्या जुन्या रूपाचा अर्थ वेडावाकडा, वळणावळणाचा. 'रॅथ' म्हणजे क्रोध, आणि त्याच्या मुळाशी असलेलं विशेषण पिळवटलेल्या माणसाचं. रागाने जीव पिळवटतो हे इंग्रजांनाही ठाऊक होतं.

'राँग'ची गंमत वेगळी. हा नॉर्स भाषेतून, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीतून इंग्रजीत आला आणि त्याचा जुना अर्थ 'वाकडा'. त्याच्या समोरचा, आरने सुरू होणारा 'राइट' म्हणजे मुळात 'सरळ', आणि तो आपल्या संस्कृत 'ऋजु'चा नातलग. बरोबर म्हणजे सरळ आणि चूक म्हणजे वाकडं. 'वाकड्यात शिरू नकोस' हे आपण रोज म्हणतो, त्यामुळे मराठी मुलांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

'रेसल'जवळ थोडं थांबू. 'रेस्ट' असं एक क्रियापद आहे, डब्ल्यूवालं, विश्रांतीचं नव्हे. त्याचा अर्थ पिळून हिसकावून घेणं. तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणं म्हणजे 'रेसल'. म्हणजे इंग्रजीच्या लेखी कुस्ती ही पिरगाळापिरगाळी. कराडशेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा धडा वर्गात असेल त्या दिवशी 'रेसल' आणि 'रिस्ट' फळ्यावर एकाखाली एक लिहून बघा. मनगट धरल्याशिवाय कुस्ती सुरू होत नाही, हे सांगायला लागणार नाही.

आणि त्याच फळ्यावर 'रेंच' लिहा. एमआयडीसीत ज्याला पाना म्हणतात तो. हत्यार म्हणून हा शब्द बराच अलीकडचा. जुन्या इंग्रजीत त्याचं क्रियापद पिळण्याचं होतं, पण त्याच घरातल्या नामाचा अर्थ चक्क 'युक्ती, कपट, डाव' असा होता. आपल्याकडे फारसीतून आलेला 'पेच' नेमका हेच करतो. मूळ अर्थ पीळ. मग पागोट्याचा पेच, कुस्तीतला पेच, पतंगाचा पेच, स्क्रूचा पेच आणि शेवटी माणूस सापडतो तो पेच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पिळण्यातून डाव काढला. माझ्या मते अशी जोडी हाती लागणं ही या उद्योगाची खरी कमाई आहे, परीक्षेतले गुण वरकड.

आता दुसरी भावकी, हाकलून देण्याची. 'रीक' म्हणजे सूड उगवणं, जुन्या इंग्रजीत हाकलणं, शिक्षा करणं, बदला घेणं. 'रेक' म्हणजे आज फुटलेलं जहाज, पूर्वी समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेला माल. 'रेच' म्हणजे आज दीनवाणा माणूस, पूर्वी देशोधडीला लावलेला, परागंदा. या 'रेच'चा जर्मन भाऊ 'रेके' हा तिकडे वीर योद्धा झाला. एकाच हद्दपार माणसाकडे इंग्रजांनी कणवेने पाहिलं आणि जर्मनांनी कौतुकाने. रकाना भरताना या दोघांना शेजारी लिहा.

तिसरी भावकी कामगारांची, आणि इथे भलेभले फसतात. नाटककाराला इंग्रजीत 'प्लेराइट' म्हणतात, पण त्यातला 'राइट' लिहिण्याचा नव्हे. तो 'वर्क'च्या घरातला आहे, अक्षरांची उलटापालट होऊन बनलेला, अर्थ कारागीर. चाकं बनवणारा, जहाज बांधणारा आणि नाटक रचणारा, तिघांनाही तोच शब्द लागला. विमानवाल्या राइट बंधूंचं आडनावही हेच. 'रॉट आयर्न'मधला 'रॉट' म्हणजे काम केलेलं, घडवलेलं, तोही या घरचा. लोखंड कुजल्याचा इथे संबंध नाही.

मग लिहिण्याचा 'राइट' कुठे बसतो? तो एकटाच. त्याचा जुना अर्थ ओरखडणं, कोरणं, कारण सुरुवातीला अक्षरं लाकडावर आणि दगडावर खरवडून काढत. जर्मनमधला त्याचा भाऊ आजही फाडणं या अर्थाचा आहे. संस्कृत 'लिख्'सुद्धा आधी ओरखडण्याचाच होता. पण म्हणून 'राइट' आणि 'लिहिणं' नात्यातले होत नाहीत. अर्थाची वाट सारखी, घराणी वेगळी. वहीत अशा जोड्यांना वेगळी खूण करा, नाहीतर महिन्याभराने आपणच त्यांना भाऊ समजून बसतो.

'रॅप' आणि 'रेन' हा चिमुकला पक्षी यांची मुळं पक्की लागलेली नाहीत. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. गुंडाळणं म्हणजे वळणंच की, म्हणून 'रॅप'ला पिळण्याच्या भावकीत ढकलायचा मोह होतो. पुरावा नसताना तसं करायचं नाही.

आडनाव बदललेले नातलग

भावकीतले काहीजण परगावी जाऊन वेगळं आडनाव लावतात, त्यांचाही शोध घ्यावा. 'वरी' म्हणजे काळजी करणं. डब्ल्यू आणि आर यांच्यामध्ये ओ आला, म्हणून पहिल्या यादीत तो सापडत नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गळा आवळणं. पुढे कुत्र्याने मेंढीचा गळा धरून तिला झंजाडणं, मग छळणं, आणि एकोणिसाव्या शतकात स्वतःच झुरणं. माण-खटावच्या मेंढपाळाला मधला अर्थ एका वाक्यात कळेल. काळजीने गळा आवळल्यासारखं होतं, हे उरलेल्यांनाही.

'वियर्ड' म्हणजे विचित्र, पूर्वी नियती. त्याच्या मुळाशी वळणं आहे, आणि हे मूळ थेट आपल्या अंगणात येतं. संस्कृत 'वृत्' हा त्याचा सख्खा भाऊ. त्यातून वर्तन, परिवर्तन, वर्तुळ. प्राकृतातून घासून आलेले आपले रोजचे शब्दही तिथलेच : वाट, वाटोळा, समईतली वात. वात वळतात हे ज्याला माहीत आहे, त्याला हे मूळ कळलंच.

मराठी बाजू तपासायची साधनं चांगली आहेत आणि कमी वापरली जातात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि टर्नरचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात मोफत शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णींचा 1946 चा मराठी व्युत्पत्तिकोश गावातल्या जुन्या वाचनालयात विचारा. संदर्भ विभागात तो असण्याची शक्यता बरीच. नाते जुळवताना नियम एकच : इंग्रजी आणि मराठी शब्द कानाला सारखे लागले म्हणून जोडायचे नाहीत. दोन्ही बाजूंची जुनी रूपं हातात असतील तरच.

जुन्या छापील मजकुरात पडताळणं

कोशातला जुना अर्थ वाक्यात भेटल्याशिवाय पक्का होत नाही. त्यासाठी शेक्सपियरच हवा असं नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकोणिसावा खंड साताऱ्याचा आहे, 1885 चा, आणि त्याची स्कॅन प्रत नेटवर मिळते. गाव, पेठ, डोंगर, पिकं सगळी ओळखीची, त्यामुळे भाषा जुनी असली तरी वाचणारा हरवत नाही. त्यात लोकसंख्येचं प्रकरण काढा. शेतकरी समाजांसाठी तिथे 'हजबंडमेन' हा शब्द भेटेल. नवरा आणि शेतकरी यांचा संबंध काय, हा प्रश्न पडला की पुढची जोडी आपोआप हाती आली : एच-यू-एस.

'हजबंड' नॉर्समधून आला. 'हुस' म्हणजे घर, पुढचा भाग म्हणजे राहणारा, घर-जमीन असलेला. थोडक्यात घरधनी. हा मराठी शब्द असताना अर्थ वेगळा समजावायला नको. घरधनी शेत सांभाळतो म्हणून शेती ही 'हजबंडरी', आणि जपून वापरणं हे 'हजबंड' क्रियापद. 'हसी' मात्र बिचारी घसरली. मुळात ती 'हाउसवाइफ'चंच आखडलेलं रूप, घरची मालकीण. आज ती शिवी आहे. 'हस्टिंग्ज' म्हणजे निवडणुकीचा प्रचारमंच, पूर्वी सरदाराच्या घरच्या मंडळींची बैठक, कारण 'थिंग' या शब्दाचा जुना अर्थ सभा. 'हसल' मात्र डचमधून आलेला, खळखळ हलवण्याचा, आणि घोडेस्वाराचा 'हुसार' हंगेरीतला. दोघे निव्वळ आडनावबंधू.

कुठे जपून राहायचं

के-एन ही जोडी तिसऱ्या आठवड्याला घ्या. 'नाइट' म्हणजे सरदार आणि 'नेव्ह' म्हणजे लबाड, दोघेही मुळात 'पोरगा'. एक चाकरीतून वर चढला, दुसरा तिथेच बदनाम झाला. जर्मनमध्ये यांच्या भावंडांतला क अजून खणखणीत ऐकू येतो.

एस-एनमध्ये नाकाचे शब्द खच्चून भरलेत : घोरणं, हुंगणं, मुसकट, शिंक. ते पाहून सगळे एका रक्ताचे वाटतात. पण शिंकेचा 'स्नीझ' जुन्या इंग्रजीत एफ-एनने सुरू होत असे. हस्तलिखितातला एफ आणि त्या काळचा लांब एस जवळजवळ सारखे दिसत, आणि नाकाचे बाकीचे शब्द एसचे होतेच. 'स्नीझ' त्यांच्यात सामील झाला. म्हणजे काही शब्द आडनाव मागाहून घेतात, आणि हे फक्त जुनं रूप पाहिल्यावरच कळतं.

व्हॉट्सअॅपवरच्या व्युत्पत्त्या वहीत येऊ देऊ नका. 'न्यूज' म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांची आद्याक्षरं, हा संदेश दर वर्षी कुठल्या तरी गटात फिरतोच. 'न्यूज' हे 'न्यू'चं साधं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी. सरसकट सांगायचं तर आद्याक्षरांची व्युत्पत्ती दिसली आणि शब्द विसाव्या शतकाआधीचा असला, की ती खोटी धरून तपासायला घ्यायची.

वर्गात करायचं असेल तर एका जोडीचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून मुलांत वाटा. प्रत्येकाने आपल्या शब्दाचा जुना अर्थ काढून आणायचा आणि मग भावकीप्रमाणे गटात उभं राहायचं. 'रॅप'ची चिठ्ठी आलेलं मूल कुठे उभं राहायचं ते विचारत येईल. त्याला मध्ये उभं करा आणि बाकीच्यांना पुरावा मागू द्या. शिवाय 'राइट' उच्चाराच्या चारही चिठ्ठ्या घाला : सरळवाला, लिहिण्याचा, कारागिराचा आणि लॅटिनमधून आलेला धार्मिक विधीचा. चौघांनी चार वेगळ्या कोपऱ्यांत जायला हवं.